सातविहीरचं पांघरूण

सुजाता,

काल रविवार होता. चार वाजता दुकानात जाऊन बसले आणि मग लक्षात आलं, आज कुणी यायचं नाहीये. तरी बसून राहिले. सव्वाचारला अर्ध्या शटरखालून वाकून एका बाईंनी विचारलं, "ताई, चष्म्याची दांडी बसवून मिळेल का?" बसवून दिली. त्या गेल्यावर शटर पूर्ण खाली ओढलं आणि घरी गेले. सहा वर्षांत रविवारी इतक्या लवकर घरी गेले नव्हते.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. पंचवटीत लोक भेटतात, कशाने गेली विचारतात. मी सांगते, चार दिवसांचा ताप. ते म्हणतात, वय काहीच नव्हतं. तिथे बोलणं संपतं. मला तुझ्याबद्दल जे बोलायचं आहे त्याची सुरुवातच अशी होते की, आम्ही दोघी एक खेळ खेळायचो. चाळिशीतल्या दोन बायका खेळ खेळायच्या, हे ऐकून समोरच्याच्या तोंडावर जे हसू येतं ते मला सध्या सोसत नाही. म्हणून तुलाच लिहिते. आणि तुला सगळं ठाऊक असलं तरी पहिल्यापासून लिहिणार आहे. एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तिच्याकडे थेट जायची माझी हिंमत नाही.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस ती चष्म्याचे दोन तुकडे रुमालात बांधून. घोटीच्या एसटीत कुणाचं तरी कोपर लागलं होतं. "उद्या आठवीचा गणिताचा पेपर आहे," म्हणालीस, "मला फळा दिसला नाही तरी चालेल, पण कॉपी करणारी पोरं दिसायला हवीत." मी काचांना बसेल अशी फ्रेम शोधत होते तेव्हा तुझं लक्ष काउंटरवरच्या फाशांकडे गेलं. माझा मावसभाऊ निनाद पुण्याहून तो खेळ घेऊन आला होता आणि मला शिकवायच्या मागे लागला होता. तू वीस बाजूंचा फासा उचललास, अंधुक दिसत असूनही डोळ्यांजवळ धरून फिरवून पाहिलास.

"हा सगळ्या बाजूंना सारखाच पडतो का?"

"पडत असेल," निनाद म्हणाला.

"असेल काय? बघितलंय का मोजून?"

चष्मा तयार होईपर्यंत तू तो फासा दोनशे वेळा टाकलास आणि एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारत बसलीस. शेवटी म्हणालीस, "बरा आहे. खेळा." मग जरा थांबून, "मला घेता का?"

खेळ सोपाच होता. एकीने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि कुणाचं काय होणार ते फासा ठरवणार. निनादने मला गोष्ट चालवायला बसवलं. माझ्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा असायचा. त्याच्यामागे मी शत्रूचे फासे टाकायचे, ते तुम्हाला दिसायचे नाहीत, मी आकडा सांगेन तो खरा. निनाद भालाईत झाला. तू मांत्रिकीण झालीस, तिचं नाव रेवा ठेवलंस.

मंत्र दोन प्रकारचे होते. आग, वीज, एकदा फेकली की संपलं. आणि दुसरे चालू मंत्र, धरून ठेवू तोवर टिकणारे. निनादला पहिले आवडायचे. तू म्हणालीस, "फेकून मोकळं व्हायचं ते मला नको. धरून ठेवायचं काय आहे ते दे."

दुसऱ्या वर्षी तू सातविहीर गावावर पांघरूण घातलंस. सातविहीर मी एका रविवारी सहज बोलता बोलता तयार केलेलं गाव. सात विहिरी, दोनशे माणसं, आणि डोंगरापलीकडून कर्कोट नावाचा मांत्रिक फौज घेऊन येतोय. तुझं पांघरूण असेपर्यंत बाहेरून बघणाऱ्याला तिथे नुसता माळ दिसणार होता. त्या बदल्यात रेवाची एक तृतीयांश ताकद कायमची अडकून पडणार होती. तू क्षणभरही विचार केला नाहीस. नंतर प्रत्येक लढाईत रेवा सगळ्यांत आधी दमायची आणि निनाद ओरडायचा, "अगं ताई, सोड ते पांघरूण! आपण मरतोय इथे!"

"तिकडे दोनशे माणसं आहेत."

"कागदावर!"

"मग तूही कागदावरच मरतोयस."

तू मला त्या माणसांची नावं विचारायचीस. मी आयत्या वेळी काहीतरी सांगायचे. एक कुंभारीण, एक ठार बहिरा राखणदार, कुणाच्या तरी जुळ्या मुली. मी पुढच्या रविवारपर्यंत विसरलेली असायचे. तू विसरायची नाहीस. "राखणदाराचा खोकला बरा झाला का?" असं विचारायचीस आणि मला त्याचा खोकला बरा करावा लागायचा.

एकदा तू मला तुझ्या शाळेत नेलंस, आठवतं? घोटीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा भाताच्या गिरण्या चालू होत्या आणि हवेत कोंडा उडत होता. आठवीच्या वर्गात तू तो वीस बाजूंचा फासा काढलास आणि शक्यता शिकवलीस. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला विचारलंस, सलग तीनदा मोठा आकडा आला, आता चौथ्यांदा लहान येईल का? ती म्हणाली, "यायला पाहिजे बाई, लय झालं की." अख्खा वर्ग हसला, तूही हसलीस, आणि मग तिला जवळ घेऊन म्हणालीस, "फाशाला आधीचं काही आठवत नाही गं." मी मागच्या बाकावर बसून बघत होते. वडील गेल्यापासून मी दुकान सोडून एक अख्खा दिवस बाहेर राहिले असा तो पहिलाच दिवस. परतताना तू मला इंद्रायणी तांदळाची पिशवी दिलीस आणि बसमध्ये खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. नाशिक येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.

मग निनादला हैदराबादची नोकरी लागली. आपण दोघी उरलो. दोघींत खेळ बरा चालला होता खरं तर. पण तुझ्यावर शाळेच्या मुख्याध्यापकपदाचा भार आला, आईचे गुडघे दुखायला लागले. रविवारी तू यायचीस ती जांभया देत. पांघरुणाला तीन वर्षं होत आली होती. आणि एक दिवस चिवडा खाता खाता तू अगदी समाधानाने म्हणालीस, "शुभा, खरं सांगू? मला वाटतं गोष्ट संपली. गाव सुरक्षित आहे. आता आपण थांबलो तरी चालेल."

मी म्हणाले, "बघू."

आता ते सांगते, सुजाता.

मी आडोशामागे गेले. काहीही ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, कर्कोट टेकडीवर येऊन थांबतो. त्याला समोर माळ दिसतो. पण त्याच्या घोड्याला पाण्याचा वास येतो. कर्कोट खाली उतरतो आणि त्या माळावर उतारा टाकतो. उतारा म्हणजे चालू मंत्र तोडायची फेक. तेरा किंवा जास्त पडलं तर पांघरूण तुटणार, कमी पडलं तर राहणार. हा नियम तुझ्या-माझ्यात पहिल्यापासून ठरलेला होता. मी फासा टाकला. नऊ पडले.

मी म्हणाले, "सोळा."

"सोळा?"

"सोळा."

तू कधीही आडोशाच्या मागे डोकावली नव्हतीस. त्या दिवशीही नाही डोकावलीस. चष्मा काढलास, ओढणीने पुसलास, परत लावलास. मग विचारलंस, "लोकांना पळायला किती वेळ आहे?"

गोष्ट पुढे सरकायला हवी होती म्हणून केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तसं होत असतंही, गोष्ट चालवणारे असे आकडे बदलतात, निनादनेच मला ते शिकवलं होतं. पण माझं कारण ते नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस मी लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे, दांड्या बसवायचे, काचा पुसायचे, आणि संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडायचे. सातवा दिवस तुझा होता. गाव सुरक्षित राहिलं असतं तर तू थांबली असतीस. एवढंच डोक्यात होतं.

आणि तू आलीस. पुढचे चौदा महिने एकही रविवार चुकवला नाहीस. रेवाने सातविहीरची माणसं गुहांमध्ये लपवली आणि तू नवीन पांघरुणाच्या मागे लागलीस, जे कर्कोटला तोडता येणार नाही. जांभया बंद झाल्या. आठवड्याच्या मधल्या दिवसांतही सकाळी एसटीतून फोनवर तुझा आवाज यायचा, मागे कंडक्टर ओरडतोय "पुढे सरका, पुढे सरका," आणि तू म्हणतेयस, "शुभा, ऐक. बुजगावणी."

बुजगावणी म्हणजे मोठ्या मंत्रावर दहा-बारा फुटकळ मंत्र पसरून ठेवायचे. न विझणारी पणती, थंड राहणारा माठ, असले. उतारा आधी त्यांनाच लागणार, पांघरूण खाली शाबूत. मी म्हणाले, "कर्कोट मूर्ख नाहीये. त्याला मोठा मंत्र ओळखता येईल."

"मग ओळखायचा फासा टाकायला लाव त्याला. आपोआप कसं ओळखेल?"

मी नाही म्हणाले. मग तू मंत्राला खुंटी मारायची म्हणालीस. मंत्र हवेत न सोडता विहिरीच्या दगडाला बांधायचा, दगड फुटल्याशिवाय मंत्र तुटायचा नाही. मी तेही नाही म्हणाले. मग मंत्रच लपवायचा, दिसला नाही तर उतारा टाकणार कशावर? त्यालाही नाही. मला तुझं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. तू जितकं चांगलं काहीतरी शोधून आणायचीस तितकी मला भीती वाटायची की आता गाव परत सुरक्षित होईल.

एका रविवारी तू चिडलीस. काउंटरवरचा कागद ओढलास आणि गणित मांडलंस. "बघ. एका उताऱ्यात तुटायची शक्यता विसात आठ. तीनदा टाकला तर टिकायची शक्यता पाचात एक. पाचदा टाकला तर तेरात एक. म्हणजे कर्कोटला काही करायलाच नको. टेकडीवर बसायचं, शेंगदाणे खायचे आणि फासे टाकत राहायचं. कधीतरी तुटणारच. याला काय नियम म्हणायचा?"

"आणि तुटूच शकणार नाही असं पांघरूण दिलं तर खेळायचं काय?"

"तुटू दे ना! मी कुठे नको म्हणते? पण फुकट नको तुटायला. तोडणाऱ्याचंही काहीतरी जाऊ दे."

मी फासे गोळा करायला लागले. तुला वाटलं मी रागावले. तू आवाज खाली आणून म्हणालीस, "हे बघ, त्या दिवशी तू सोळा टाकलेस त्याचा मला राग नाहीये. फासा आहे, पडला. फाशावर कसला राग?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या वाक्यानंतर ते बाहेर काढणं मला जमलं नाही. मी विचारलं, "चहा टाकू?" आणि तू म्हणालीस, "टाक."

शेवटच्या खेपेला तू जे घेऊन आलीस ते सगळ्यांत साधं होतं. रेवाने पांघरूण एकटीने धरायचंच नाही. गावातल्या सात जणांना शिकवायचं. कुंभारीण, राखणदार, त्या जुळ्या मुली, सगळ्यांना. एकेकाने एकेका विहिरीपाशी उभं राहून पांघरुणाचं एकेक टोक धरायचं. उतारा सातही ठिकाणी लागला तरच तुटणार, आणि प्रत्येक चुकलेल्या उताऱ्यात कर्कोटची ताकद कमी होत जाणार. "आणि रेवाची एक तृतीयांश ताकद मोकळी," तू म्हणालीस. "ती पण बिचारी किती वर्षं अडकून पडलीय."

मी म्हणाले, "हे चालेल."

तू काउंटरवर एवढ्या जोराने हात आपटलास की फ्रेमचा स्टँड आडवा झाला. दोघी खाली बसून फ्रेमा गोळा करत होतो. "पुढच्या रविवारी घालू," म्हणालीस.

पुढच्या रविवारी तुझा मेसेज आला. "ताप आहे गं. आज नाही येत. कर्कोटला म्हणावं, थांब."

मी त्यावर अंगठा पाठवला. आपलं शेवटचं बोलणं ते.

पुण्यानुमोदनाला तुझ्या कॉलनीत आले होते. वंदना झाली, शाळेतले लोक बोलले. बाईंनी किती मुलांना गणिताची गोडी लावली, बाई कधी रजा घ्यायच्या नाहीत. सगळं खरंच होतं. पण ती सगळी सोमवार ते शनिवारची सुजाता होती. रविवारची तू तिथे कुणाला माहीतच नव्हतीस. निनाद हैदराबादहून आला होता. बाहेर टपरीवर चहा घेताना मी त्याला सांगितलं, नऊ पडले होते म्हणून.

तो आधी म्हणाला, "ताई, खेळ होता तो. सगळेच करतात." मग म्हणाला, "पांघरूण तुटलं त्या आठवड्यात तिने मला फोन केला होता. गावातल्या सगळ्या लोकांची नावं विचारत होती, तुला आठवतात का म्हणून. यादी करायची होती तिला. पळताना कुणी मागे राहायला नको." कप खाली ठेवून तो म्हणाला, "हे तू मला सांगायला नको होतंस." मी स्टेशनपर्यंत सोडते म्हणाले, तर रिक्षाने जातो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन नाही. मीही केला नाही.

आज दुपारी दुकान बंद करून तुझ्या आईकडे गेले. का गेले ते मलाही सांगता येणार नाही. मावशी एकट्याच होत्या, पलंगावर पाय लांब करून, गुडघ्यांना गरम पिशवी लावून. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "रविवारी तुम्ही दोघी नक्की काय करायचा गं? घरी यायची तर चेहरा असा फुललेला. विचारलं की म्हणायची, आई, सांगायला अख्खी दुपार लागेल."

मी सांगितलं. अख्खी दुपार नाही, पण तासभर गेला. रेवा, निनादचा भाला, सात विहिरी, पांघरूण. मावशींनी मध्येच एकदा अडवलं, "दोनशे माणसं? उन्हाळ्यात पुरायचं का गं पाणी?" मी म्हणाले, तुमच्या लेकीनेही हेच विचारलं होतं, मला दोन विहिरी वाढवाव्या लागल्या. आधी पाचच होत्या, गावाचं नाव नंतर पडलं. त्या हसल्या. गेल्या अठरा दिवसांत कुणीतरी तुझ्याबद्दल ऐकून हसलं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मी नऊ आणि सोळाचंही सांगितलं.

पिशवी गार झाली असावी, त्यांनी ती बाजूला ठेवली. "असं का केलंस?"

"ती यायची बंद झाली असती, मावशी."

"तिला कधी सांगितलं नाहीस?"

"नाही."

"चिडली असती ती. फार चिडली असती."

"हो."

"दोन दिवस बोलली नसती. माझ्याशीही तसंच करायची, तोंड फिरवून बसायची." त्या खिडकीकडे बघत होत्या. "आणि तिसऱ्या दिवशी आली असती. तुझ्याकडे यायला तिला काही कारण लागत नव्हतं गं."

मी तिथे फार वेळ बसू शकले नाही. मावशी म्हणाल्या, जेवून जा. मी म्हणाले, पुन्हा येईन.

दोन दिवस, सुजाता. तुझ्या दोन दिवसांच्या अबोल्याला भिऊन मी चौदा महिने गप्प बसले.